केळशीच्या वाळूच्या टेकडीत शिंपले शोधताना

शनिवारी दापोलीवरून केळशीला गेलो, उटंबर-वेळासकडे न वळता सरळ खाडीच्या तोंडाशी जी वाळूची टेकडी आहे तिकडे. पहिलाच घोळ म्हणजे भरती बघितली नव्हती, कडेने जायला जागाच नाही, दीड तास सुरूच्या सावलीत शेंगदाणे खात बसलो. तुम्ही तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढा आणि मगच निघा, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराला ओहोटी. टोपी मात्र हवीच.

आता टेकडीचं एवढं काय? 1524 मध्ये वास्को द गामाची जहाजं दाभोळच्या बाजूला भर समुद्रात हादरली अशी नोंद आहे, आणि त्याच सुमाराच्या त्सुनामीच्या खुणा या टेकडीत आहेत असं डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठेंनी मांडलं. वारा बारीक वाळू आणतो, अख्खे शिंपले नाही, म्हणून वाळूत शिंपल्यांचा थर दिसला की कान टवकारायचे. पण लगेच त्सुनामी म्हणून नाचू नका, कारण थरात खापरं, कोळसा, हाडं असली तर ते कुणाचं तरी जेवणही असू शकतं.

हे मला रात्री नीट कळलं. जिथे उतरलो होतो त्या काकू तिसऱ्या (खाडीतले खायचे शिंपले) विळीवर उघडत होत्या, मांसाची शिंप पातेल्यात, रिकामी परसात. म्हणाल्या, "आमच्या परसात खणलंत तर इथे रोज त्सुनामी येते म्हणाल हो!" खरंच की, उष्ट्यात सुट्या शिंपा आणि खायच्याच जाती. उलट 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपानंतर जी लाट आली (मुंबईतही माणसं गेली तिच्यात), तिने ओमानच्या सूर खाडीत जो थर टाकला त्यात दोन्ही शिंपा जुळलेले शिंपले भरपूर, जिवंतपणी उचलून एका दमात गाडलेले, शिवाय धारदार कडांचे तुकडे आणि बाहेरच्या समुद्रातल्या जाती. रोजच्या लाटांत घासून कडा गुळगुळीत होतात, इथे तो वेळच मिळत नाही.

दहापट भिंग न्या, वाळूत फोरॅमिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जिवांची, कणाएवढी कवचं दिसतात. खणू नका, वेली उपटू नका, वाळू ढासळते. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, बास.

मला एक जुळलेला शिंपला मिळाला, हरखलोच, पण तो पायथ्याशी वरवर पडलेला, नाकाशी नेला तर असा कुजका वास की काल-परवाचाच निघाला.