शून्य नंबरचा फोटो

परवा दुपारी फोनने जागा संपल्याची तक्रार केली, म्हणून फोटो पुसायला बसलो. मला फोटो पुसता येत नाहीत. एकाच वरणभाताचे तीन काढलेले असतील, तरी तिन्ही ठेवायचे, ही सवय. तर २०१९च्या मे महिन्यातले, दापोली तालुक्यातल्या केळशीचे फोटो आले. भर दुपारी पाखाडीवरून एकटाच हिंडत होतो. गाव जेवून आडवं झालेलं. कौलारू घरं, चिरेबंदी जोती, एका घराच्या पायऱ्या पाच कोनांतून. आता बघितले तर सगळे कॅलेंडरवरचे वाटले.

आणि मधेच एक वाकडा फोटो. फोन खिशात टाकताना अंगठा लागला असणार. गडग्याचा शेवाळ वाळून काळा पडलेला एक चिरा, सुपात वाळत घातलेली सोलं, जांभळ्या रसाने रंगलेला एक म्हातारा हात, आणि वरच्या कोपऱ्यात पोफळींचे आडवे झालेले बुंधे. म्हणजे मी फोन आडवा धरला होता, पोफळी सरळच होत्या. तेव्हा.

आमच्या लहानपणी असला फोटो निघायचा तो रोल घालताना. छत्तीसचा रोल. बाबा तो मेच्या सुट्टीत एसटीने गावाला न्यायचे आणि पुरवून पुरवून वापरायचे, इतका की मुंज, गणपती आणि दिवाळी एकाच रोलमध्ये धुऊन यायची. सगळे तुळशीपुढे रांगेत, उन्हाने डोळे बारीक केलेले. आजी कधीच नाही. ती “थांबा रे, लुगडं बदलून येते” म्हणून आत जायची आणि बाबा थांबायचे नाहीत. ऊन जातं म्हणे. पण रोल घातल्यावर पुढे सरकवायला दोन-तीनदा कळ दाबावी लागे, कॅमेरा जमिनीकडे धरून. त्यातला एखादा, शून्य नंबरचा, अर्धा उजेडाने जळून नारिंगी झालेला, स्टुडिओवाला उगाच छापून द्यायचा आणि बाबा त्याच्याशी पैशांवरून वाद घालायचे. त्या एका फोटोत सारवलेलं खळं आहे, सारवणातली बोटांची अर्धगोल नक्षी आहे, मांजराची शेपटी आहे आणि आजीची पावलं आहेत, जोडव्यांसकट. आजीचा आमच्याकडे असलेला फोटो म्हणजे एवढाच. आईने तो अल्बममध्ये चिकटवला नाही, डब्यात ठेवला.

विषय कुठे गेला. हां, सोलं. कोकमं फोडून सालं त्याच रसाची पुटं देत देत वाळवायची, पाऊस यायच्या आत संपवायचं. त्या बाई तेच करत होत्या, मान वर न करता. मी जवळून गेलो तेव्हा मात्र विचारलंन, “कोणाकडे आलायत?”

“कोणाकडे नाही, असाच फिरतोय.”

“असाच? ह्या उन्हात?” आणि हसल्या. “पाणी हवंय?”

मी नको म्हटलं आणि फोन खिशात टाकला. त्याच क्षणीचा हा फोटो.

पुढच्या वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडची आगरंच्या आगरं झोपली. नवी पोफळ फळायला सहा-सात वर्षं जातात, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. त्या घरामागच्या पोफळी राहिल्या का, मी जाऊन पाहिलेलं नाही. फोटो आडवा करून पाहिला की सरळ उभ्या दिसतात.

दोनशेबारा फोटो पुसले. पायऱ्यांचे पाचही गेले. हा ठेवला.

त्या बाईंचं घर सोडून वर तिसरं आमचं होतं. विकलं त्याला आता वीस वर्षं होतील. आजीचं नाव सांगितलं असतं, तर त्यांनी पाणी विचारलं नसतं, आणून दिलं असतं.