अर्धं अंगण उन्हात, अर्धं सावलीत

घरापुढचं अंगण स्टॅम्प काँक्रीटचं करायचं होतं. घडीव दगडाचा छाप, मातकट तपकिरी रंग, दगडांच्या सांध्यांत गडद करडी छटा. काम तसं मोठं नव्हतं, पण जागा बघितल्याबरोबर आमचे मिस्त्री गप्प झाले. भिंतीलगतचा भाग एका जुन्या डेरेदार झाडाखाली आणि फाटकाकडचा पूर्ण उघड्यावर. दुपारपर्यंत अर्ध्या अंगणावर दाट सावली, अर्ध्यावर रणरणतं ऊन. "ताई, माल एकाच गाडीचा असला तरी हे दोन स्लॅब आहेत असं धरून चाला," ते म्हणाले.

साधं काँक्रीट घोटून घेतलं की काम संपतं, थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. छापाचं तसं नसतं. माल ओला असताना मॅट, म्हणजे छापाचा रबरी साचा, टाकली तर ती रुतते, उचलताना वरचा थर सोबत घेऊन येते आणि दगडांच्या कडा ढासळतात. माल घट्ट झाल्यावर टाकली, तर वर उभं राहून टॅम्परने, म्हणजे दांड्याच्या ठोकणीने, कितीही ठोका, रेघ उमटत नाही. या दोन अवस्थांच्या मध्ये जो वेळ मिळतो तेवढाच आपला, आणि ऊन-वारा असला की तोही आखडतो.

तयारीत काही उणं नव्हतं. खडीचा थर धुमसून पक्का केलेला, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव इंच उतार, स्लॅबची जाडी 4 इंच. भिंत आणि स्लॅब यांच्यामध्ये फोमची पट्टी, म्हणजे उन्हाने फुगला तरी स्लॅब भिंतीला रेटणार नाही. दाराखिडक्यांवर आणि भिंतीवर प्लास्टिक लावलं होतं, कारण मॅट मालाला चिकटू नये म्हणून टाकायची रिलीज पावडर उडून रंगवलेल्या भिंतीवर बसली की सहजी निघत नाही. गाडी आल्यावर माल किती पातळ आहे हे बघायला स्लम्प घेतला, 100 मिलिमीटरच्या आसपास भरला. ड्रायव्हरने सवयीने पाण्याचा पाइप हातात घेतला होता, तो खाली ठेवायला लावला. गाडीत वरून पाणी घातलं की माल ओतायला सोपा जातो खरा, पण ताकद घटते आणि आकुंचनाच्या भेगा वाढतात.

भिंतीकडून ओतायला सुरुवात केली आणि फाटकाकडे सरकत गेलो. बेत असा की ज्या क्रमाने माल पडेल त्याच क्रमाने छाप मारायचा. फळी मारून झाली, बुल फ्लोट, म्हणजे घोटायचा लांब दांड्याचा पाटा, फिरला, रंगाच्या हार्डनरचा पहिला हात टाकला. तेवढ्यात वारा सुटला.

काँक्रीट ओतल्यावर आतलं पाणी हळूहळू वर येतं. हार्डनरची कोरडी पावडर तेच पाणी पिऊन मालाशी एकजीव होते. झाडाखाली हे छान चाललं होतं, पावडर बघता बघता गडद होत होती. फाटकाकडे मात्र वर आलेलं पाणी वारा तिथल्या तिथे उडवून नेत होता. पृष्ठभागाची चमक गेली, दुसऱ्या हाताची पावडर फिकी आणि कोरडी दिसायला लागली. मी गुडघ्यांवर बसून बोट दाबलं. जेमतेम 5 मिलिमीटर गेलं, बोटाला काही चिकटलं नाही, ठशाच्या कडा उभ्या राहिल्या. म्हणजे छापाची वेळ झाली होती. मग धावत भिंतीकडे गेले आणि तिथे बोट दाबलं, तर ते सरळ आत गेलं आणि वर ओला गिलावा घेऊन आलं. आधी ओतलेला माल मागे राहिला होता आणि शेवटी ओतलेला पुढे निघून गेला होता.

घरमालक काका तोपर्यंत बागेचा पाइप घेऊन आले होते. "अहो, सुकतंय ना? मारू का थोडं पाणी?" त्यांना थांबवलं आणि दोन वाक्यांत कारणही सांगितलं: वरून मारलेलं पाणी घोटण्यात वरच्या थरात मिसळतं, तो थर कमजोर होतो, रंगावर डाग पडतात आणि पुढे पापुद्रे निघतात. दुसरीकडे आमच्याच एका मुलाने सावलीतला भाग लवकर आवळावा म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरायला पिशवी उघडली होती. तीही बंद करायला लावली. वरच्या सिमेंटचं कवच होतं, खालचा माल ओलाच राहतो, आणि ते कवच पुढे बारीक जाळीसारखं तडकतं. घाईत सुचणारे हे दोन्ही उपाय मी इतक्या कामांचा सत्यानाश करताना पाहिले आहेत की आता त्यावर चर्चाही करत नाही.

क्रम उलटा करायचं ठरवलं. छाप फाटकाकडून सुरू करायचा आणि झाडाकडे यायचं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण मॅट एकमेकींत अडकत पुढे जातात. सुरुवात जिथे, तिथे पूर्ण दगड येतात आणि शेवट जिथे, तिथे अर्धेमुर्धे तुकडे. तुकडे भिंतीशी आले असते तर रोज दारातून बाहेर पडताना तेच दिसले असते. मिस्त्रींनी दाराच्या पायरीपासून फाटकापर्यंत दोरी ताणली, मॅटच्या मापाने उलटं मोजत आले आणि कापीव दगड फाटकाच्या कडेला पडतील असं पहिल्या मॅटचं ठिकाण काढलं. दोन माणसं ताडपत्री धरून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली. न छापलेल्या भागावर बाष्पीभवन रोखणारा द्राव फवारला. मग कुणी फारसं बोललं नाही. रिलीज पावडर, मॅट, टॅम्पर, मॅट उचल, पुढची टाक.

फाटकाजवळच्या एका कोपऱ्याने मात्र दमवलं. दगडी फाटकखांबाला ऊन लागून तो तापला होता, त्यामुळे तिथला माल सगळ्यांच्या आधी घट्ट झाला. टॅम्परने छाप उथळच बसला. मिस्त्रींनी पातळ लवचिक मॅटने दगडाचा खरखरीतपणा तेवढा आणला आणि सांध्यांच्या रेघा रोलर आणि छिन्नीने हाताने ओढल्या. एकेक रेघ. त्या वेळी त्यांच्या मनगटाकडे बघत राहावं असं वाटत होतं, पण मला पुढच्या मॅटच्या आधी बोट दाबत फिरायचं होतं.

झाडाच्या सावलीपाशी पोहोचलो आणि थांबावं लागलं. पृष्ठभागावर अजून ओलेपणाची चमक होती. ऐन घाईतून येऊन नुसतं उभं राहणं फार जड जातं, मुलं चुळबुळायला लागली. काका जवळ आले तेव्हा मी त्यांनाच म्हटलं, "दाबून बघा." त्यांनी बोट दाबलं, बघितलं, पुसलं. काही वेळाने न सांगता पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "आता चिकटत नाहीये." खरंच वेळ झाली होती. सावलीतला छाप इतका स्वच्छ बसला की दगडाची कपचीसुद्धा ओळखू यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कटरने सांधे कापले. 4 इंची स्लॅबला 8 ते 10 फुटांवर सांधा लागतो, खोली जाडीच्या पाव भागाइतकी, म्हणजे 1 इंच. काप शक्यतो छापातल्या दगडांच्या रेघेतूनच नेले. पुढे जादा रिलीज पावडर धुतली, सांध्यांपुरती राहू दिली. त्या वेळी उन्हातला भाग सावलीतल्या भागापेक्षा फिका दिसत होता आणि काका काळजीत पडले. ओल एकसारखी सुकल्याशिवाय रंगाचा निवाडा करू नका, असं त्यांना सांगितलं.

28 दिवस उलटल्यावर ॲक्रिलिक सीलरचे, म्हणजे पाणी जिरू न देणाऱ्या लेपाचे, दोन पातळ हात दिले. जाड हात दिला तर बुडबुडे धरतात आणि ओल अडकून पांढरट डाग पडतात. दुसऱ्या हातात निसरडं न होण्यासाठी बारीक कणांची पावडर मिसळली. दोन्ही भागांचा रंग बराच जुळला, पण पूर्ण नाही. निरखून बघितलं तर फरक कळतो. फाटकाजवळचा तो कोपरा मी काकांना स्वतःहून दाखवला, तिथला छाप उथळ आहे हेही सांगितलं. ते बराच वेळ वाकून बघत होते. "हाताने काढलाय हा?" त्यांनी विचारलं आणि मिस्त्रींना हाक मारली.

पुढच्या देखभालीसाठी त्यांना एवढंच सांगून ठेवलं: अधूनमधून अंगणावर पाणी टाकून बघायचं. थेंब वर टिकून राहिले तर ठीक. काँक्रीट गडद होऊन पाणी जिरायला लागलं की सीलरचा पुन्हा एक पातळ हात द्यायचा, आणि उन्हाच्या बाजूला ती वेळ आधी येणार.