व्हेंडिंग मशीन, रास्पबेरी पाय आणि तो नववा बिट

व्हेंडिंग मशीनला रास्पबेरी पाय किंवा तसलाच एखादा छोटा लिनक्स बोर्ड जोडून मोबाईल पेमेंट घ्यायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना एमडीबी (मशीनमधले भाग एकमेकांशी जिच्यावरून बोलतात ती बस) पहिल्यांदा बघितल्यावर फार सोपं वाटतं, ९६०० बॉडची सिरीयल लाईन, यूआरटीला (बोर्डच्या सिरीयल पोर्टला) दोन वायरी लावल्या की झालं. वेग खरंच कमी आहे. पण अडचण वेगात नाहीये, ती नवव्या बिटात आणि टायमिंगमध्ये आहे.

एमडीबीत प्रत्येक बाइटमागे ११ बिट जातात, एक स्टार्ट, आठ डेटा, एक मोड बिट (हाच तो नववा बिट) आणि एक स्टॉप. मशीनचा मुख्य कंट्रोलर, म्हणजे व्हीएमसी, बोलत असेल तेव्हा मोड बिट १ असलेला बाइट हा पत्ता असतो, बसवरची सगळी डिव्हाइस तेवढ्यापुरती कान देतात आणि आपला पत्ता नसेल तर पुढचं सोडून देतात. नाण्यांचा चेंजर हेक्स ०८ वर, कॅशलेस रीडर १० वर, नोटा घेणारा ३० वर. आपण (म्हणजे कॅशलेस रीडर म्हणून) उत्तर देताना मात्र याच बिटाचा अर्थ बदलतो, आता तो सांगतो की हा माझा शेवटचा बाइट. त्यामुळे नुसतं एसीके (मिळालं अशी पोच) पाठवायचं असलं तरी त्यावर मोड बिट १ लागतोच, कारण एकच बाइट आहे म्हणजे शेवटचाही तोच. हे राहिलं की व्हीएमसी पुढच्या बाइटची वाट बघत बसतो आणि मग रीसेट मारतो, आणि बघणाऱ्याला वाटतं वायरिंगच चुकलंय.

आता पायच्या यूआरटीला ९ बिट येत नाहीत. मग लोक पॅरिटीची (डेटामागून जाणाऱ्या, चूक तपासायच्या बिटाची) युक्ती करतात, मार्क पॅरिटी म्हणजे नववा बिट १, स्पेस पॅरिटी म्हणजे ०, आणि घेताना स्पेस ठेवायची, ज्या बाइटवर पॅरिटी एरर आली तो पत्ता. युक्ती छान आहे आणि ऐकायला (म्हणजे बसवर काय चाललंय ते नुसतं बघायला) मी तीच वापरतो. पण उत्तर देताना शेवटच्या बाइटच्या आधी पॅरिटी पालटावी लागते, आणि दोन बाइटमधलं अंतर १ मिलिसेकंदाच्या आत, पहिलं उत्तर ५ मिलिसेकंदाच्या आत. साधा लिनक्स याची खात्री देत नाही, दहा वेळा जमेल आणि अकराव्या वेळी मागे काहीतरी दुसरं काम चालू झालं की चुकेल. पैशाच्या व्यवहारात असलं नशिबावर सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मध्ये एक मायक्रोकंट्रोलर घालाच. एटीमेगा३२८पी सुद्धा चालतो, त्याच्या यूआरटीत ९ बिट मुळातच आहेत. पोलला (व्हीएमसी सतत विचारत राहतो त्याला) उत्तर देणं, चेकसम काढणं (सगळ्या बाइटची बेरीज, खालचे आठ बिट, उदाहरणार्थ रीडर चालू करायची कमांड, रीडर एनेबल, १४ ०१ चा चेकसम १५) आणि व्हीएमसीचं एसीके येईपर्यंत डेटा धरून ठेवणं हे सगळं त्याने करायचं. पायला यूएसबीवरून फक्त साध्या ओळी जातात, अमुक माल मागितलाय, किंमत इतकी, देऊ का नको. पेमेंटला काही सेकंद लागले तरी हरकत नाही, तोवर पोलला मायक्रोकंट्रोलर नुसतं एसीके देत राहतो, फक्त जास्तीत जास्त किती सेकंद लागतील ते सेटअपच्या (सुरुवातीला व्हीएमसी पाठवतो त्या कमांडच्या) उत्तरात आधीच सांगून ठेवायचं असतं.

वायरिंगचं थोडक्यात. सहा पिनचा कनेक्टर असतो, पिन १ वर साधारण ३४ व्होल्ट डीसी, २ रिटर्न, ४ मास्टर रिसीव्ह, ५ मास्टर ट्रान्समिट, ६ कम्युनिकेशन कॉमन. नावं मास्टरच्या बाजूने आहेत म्हणजे आपलं ट्रान्समिट पिन ४ ला. हा करंट लूप आहे (सिग्नल करंटने जातो), पायची ३.३ व्होल्टची जीपीआयओ पिन सरळ जोडायची नाही, दोन्ही दिशांना ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देऊन दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हेंड अप्रूव्हड (पेमेंट झालं, माल दे असा व्हीएमसीला निरोप) पाठवलं म्हणजे माल पडला असं नाही. त्यानंतर व्हीएमसी १३ ०२ पाठवतो तेव्हा माल गेला, १३ ०३ आलं तर मोटर अडकली किंवा काहीतरी झालं, तिथे माणसाचे पैसे परत गेलेच पाहिजेत. बरेच जण अप्रूव्हडवरच हिशोब बंद करतात, हे मला अजिबात पटत नाही, समोरच्याचे पैसे जातात आणि त्याला दाद मागायला मशीनसमोर कोणी नसतं. मी अप्रूव्हड पाठवायच्या आधी डिस्कवर नोंद लिहून घेतो, १३ ०२ किंवा १३ ०३ आलं की ती बंद करतो, आणि मध्येच वीज गेली तर चालू होताना उघड्या राहिलेल्या नोंदी वेगळ्या काढून पेमेंटच्या बाजूला एकेक तपासतो. त्या तपासून होईपर्यंत रीडर एनेबल आला तरी नवीन सेशन (नवीन ग्राहकाचा व्यवहार) सुरू करत नाही.