सात ग्रे आणि एक होकार

‘मॅडम, बाकी सगळं मस्त. फक्त सोफ्यामागची भिंत जरा तपकिरी वाटतेय.’

अकरा दिवसांत हा मेसेज मला किती वेळा आला ते मी आता मोजत नाही. फोल्डरमध्ये फायली मात्र सात आहेत. शेवटचीचं नाव ‘फायनल फायनल ७’.

मी इंटिरियरची कामं करते. हे काम एका जोडप्याच्या नव्या घराचं होतं. मापं घेतली, प्लॅन झाला, फर्निचरचा लेआउट दोघांना पहिल्याच बैठकीत पटला. तिथवर सांगण्यासारखं काही घडलं नाही. माझ्याशिवाय आणखी दोन डिझायनर रांगेत होते आणि साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, ‘ज्यांचं प्रेझेंटेशन आवडेल त्यांना काम.’ म्हणून मी जीव ओतून चार व्ह्यू, म्हणजे घर तयार झाल्यावर कसं दिसेल त्याची कॉम्प्युटरवरची थ्रीडी चित्रं, करून घेतले: हॉल दोन बाजूंनी, किचन आणि बेडरूम. दाखवायला कधी येऊ म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, ‘येण्याचा त्रास कशाला घेता? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, रात्री निवांत बघतो.’

मी टाकून ठेवले. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी पहिला ‘तपकिरी’ आला. मी माझ्या मॉनिटरवर पुन्हा बघितलं. स्वच्छ ग्रे, कुठेही तपकिरीचा मागमूस नाही. पण क्लायंट म्हणतोय म्हटल्यावर थ्रीडी करणाऱ्या मुलाला सांगितलं, भिंत जरा थंड कर, म्हणजे निळसरकडे ने. त्याने केली. रेंडरला लावली, म्हणजे कॉम्प्युटरला पूर्ण चित्र तयार करायला बसवलं, तास-दीड तासाने चित्र आलं, पाठवलं. रात्री उत्तर: ‘अजून थोडी तपकिरी आहे.’ पुन्हा थंड केली. चौथ्या फेरीपर्यंत भिंत पावसाळी ढगासारखी निळसर दिसायला लागली होती आणि तो मुलगा माझा फोन उचलायला वेळ लावायला लागला होता.

मग बाईंचा मेसेज आला, थेट मला, दुपारी. ‘मॅडम, भिंत इतकी निळी का करताय? आधीची बरी होती.’

आता काय करायचं? एकाच चित्रावर नवरा रात्री म्हणतो तपकिरी, बायको दुपारी म्हणते निळी. माझी खात्रीच पटली की या दोघांचं आपसात जुळत नाहीये आणि भांडण माझ्या भिंतीवरून चाललंय. त्यात बाईंनी ते चित्र बहिणीला पाठवलेलं. बहिणीचं मत असं, की ग्रे नकोच, उदास वाटतं. मी पाचवी फेरी केली, मग सहावी. एकीकडे बाकीच्या दोन डिझायनरपैकी कोणीतरी एव्हाना करार करून मोकळा झाला असेल, ही धास्ती. सातवी फाईल पाठवली तेव्हा मी मनातून ते काम सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर चिडून पाठवली होती.

अकराव्या दिवशी सकाळी फोन करून म्हटलं, ‘आज संध्याकाळी मीच येते. दहा मिनिटं द्या.’ लॅमिनेटचे तुकडे, रंगाचं शेड कार्ड आणि कापडाचे दोन नमुने पिशवीत टाकले आणि आठच्या सुमारास त्यांच्या राहत्या घरी पोचले.

साहेबांनी फोन काढला, माझं चित्र उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. ‘बघा तुम्हीच.’

अख्खी स्क्रीन पिवळी. हळद फासल्यासारखी. छत पिवळं, पडदे पिवळे, आणि भिंत खरोखरच तपकिरी.

‘फोन असा का दिसतोय तुमचा?’

‘डोळ्यांना त्रास होतो हो. सात वाजले की आपोआप तसा होतो.’

मी त्यांच्या हातातून फोन घेतला (एरवी असं कधी करत नाही), तो नाइट मोड बंद केला आणि परत दिला. ते दोन सेकंद बघत राहिले. ‘अरे, ही तर निळी आहे.’ बाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या ते चित्र दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघत होत्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांना रंग जवळपास खरा दिसत होता. मग मी पहिली फाईल उघडली. दोघं एकदम म्हणाले, ‘हीच!’

इथे संपलं असतं तर मी हसत घरी गेले असते. पण पिशवीतून त्याच शेडचा नमुना काढून भिंतीला लावला तर तो पुन्हा तपकिरी! या वेळी फोनचा संबंध नव्हता. घरातले दिवे पिवळसर होते, ३००० केल्विनच्या आसपासचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). माझा मॉनिटर ६५०० ला लावलेला, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या जवळचा. ज्या ग्रेमध्ये मुळात किंचित मातकट छटा आहे, ती पिवळ्या दिव्याखाली वर येतेच. नव्या घरात त्यांना तसेच दिवे हवे होते आणि माझ्या रेंडरमध्ये भरदुपारचं ऊन होतं. नोकरी करणारी दोघं, हॉलमध्ये बसणार रात्री आठनंतर. त्यांच्या हॉलचा रात्रीचा व्ह्यू मी केलाच नव्हता.

मग शेड कार्ड पुढ्यात घेऊन तिथेच बसलो. एक दिवा लावून, सगळे लावून, खिडकीपाशी नेऊन, प्रत्येक नमुना भिंतीवर उभा धरून. उभाच धरायचा बरं का, टेबलावर आडवा ठेवला की त्यावर छताकडून थेट उजेड पडतो आणि तो फिकट दिसतो. वीस मिनिटांत एक किंचित थंड छटा ठरली. अकरा दिवस जे चित्रांनी झालं नाही ते वीत-वीतभर तुकड्यांनी झालं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडव्हान्स जमा झाला. सोबत मेसेज: ‘थ्रीडी फार आवडली. पहिलीच छान होती मॅडम.’

पहिलीच छान होती! असो.

तेव्हापासून चित्रं आधी पाठवणं बंद. समोर बसून, माझ्या लॅपटॉपवर दाखवते आणि प्रत्येक पानाशेजारी त्या पानावरचे खरे नमुने ठेवते. बैठक झाल्यावर पीडीएफ देते, तीही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की अ‍ॅप चित्र दाबून लहान करतं, लाकडाच्या रेघा पुसट होतात आणि मग ‘हे प्लास्टिक वाटतंय’ ऐकावं लागतं. हॉलचे दोन व्ह्यू असतील तर एक दिवसाचा, एक रात्रीचा. आणि दिवसाचा म्हणजे खरा. समोर इमारत असलेल्या खिडकीतून सोनेरी ऊन आत सोडणारे थ्रीडीवाले भरपूर आहेत, त्यांना रोखावं लागतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची, म्हणजे थ्रीडीत खोली ज्या जागेवरून बघितल्यासारखी दिसते तिची. या मुलांना खोली मोठी दाखवायची फार हौस. कॅमेरा भिंतीपलीकडे न्यायचा, लेन्स १६ मिलिमीटरची लावायची (आकडा जितका लहान तितकं जास्त चित्रात मावतं), की दहा फुटांच्या खोलीचं सभागृह होतं आणि कडेची खुर्ची रबरासारखी ताणली जाते. क्लायंट खूश होतो, सही करतो आणि काम झाल्यावर म्हणतो, ‘चित्रात मोठी वाटत होती.’ हे मी एकदा ऐकलंय, पुरे. आता कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडा खाली, साडेचार फुटांच्या आसपास, आणि लेन्स २४ च्या खाली नाही. खोली लहान असेल तर लहान दिसू दे.

पर्याय तीन देऊ नका. मी द्यायचे. लोक पहिल्यातला सोफा, दुसऱ्यातलं सीलिंग आणि तिसऱ्यातला रंग उचलतात, मग चौथं काहीतरी करावं लागतं, तेही फुकट.

फुकटावरून आठवलं. हंफ्री रेप्टन नावाचा एक इंग्रज होता, १७५२ चा जन्म, मोठ्या लोकांच्या बागा आखून द्यायचा. क्लायंटसाठी तो जलरंगात चित्रांची वही करायचा, लाल बांधणीची, म्हणून ‘रेड बुक’. त्यातल्या चित्रावर कागदाची एक झडप असायची. झडप खाली असताना बाग आत्ता आहे तशी, झडप उचलली की रेप्टन करणार तशी. आपण आज ‘आधी-नंतर’ म्हणून जे दाखवतो ते त्याने हाताने केलं होतं. माझ्या कामाची गोष्ट म्हणजे तो या वहीचे पैसे घ्यायचा. पुढचं काम मालक आपलं आपण करून घ्यायचा, कधी करायचाही नाही, पण वहीचे पैसे रेप्टनला मिळालेले असायचे. आणि मी सात रेंडर मोफत केले! आता पहिल्या भेटीत फक्त हाताने काढलेलं स्केच आणि साहित्याचा बोर्ड दाखवते. थ्रीडीची फी आधी, काम मिळालं की ती एकूण रकमेतून वजा. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं. काही जण यावरूनच परत जातात. जाऊ देत.

झडपेची युक्ती मात्र मी उचलली. साईटवर गेल्यावर रिकाम्या खोलीचा फोटो ज्या कोपऱ्यातून, ज्या उंचीवरून काढला असेल, व्ह्यू नेमका तिथूनच करून घ्यायचा. दोन्ही पानं लागोपाठ. लोक आपली खिडक्या-दारं ओळखतात आणि मग पुढे सरकून बसतात. हे पुढे सरकणं मी वाट बघून टिपते.

आणि हो, मास्किंग टेप! हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. रिकाम्या फरशीवर फर्निचर खऱ्या मापात टेपने आखायचं आणि क्लायंटला त्यातून चालायला लावायचं. कुठल्याही रेंडरपेक्षा स्वस्त. याच जोडप्याच्या बेडरूममध्ये आखलं होतं, काम मिळाल्यावर. साहेब आखलेल्या पलंगावर सरळ आडवे झाले, टीव्ही कुठे येतोय ते बघायला. बाई पलंग आणि कपाट यांच्या मधल्या पट्टीत उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून कपाट उघडल्याचा अभिनय केला. पट्टी २७ इंचांची, कपाटाचं दार २४ चं. प्लॅनवर दार उघडत होतं, मी तपासलं होतं.

‘उघडलं,’ त्या म्हणाल्या. ‘आता मी कुठे उभी राहू?’

माझ्या सुंदर व्ह्यूमध्ये कपाटाची सगळी दारं बंद होती. सरकती करून घेतली.