चवथ संपली, बोर्ड राहिला, चलन मला

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार बसतो तेव्हा आमच्या रस्त्याचं काय होतं ते गोंयकारांना सांगायला नको. कांगलां (रानफळं), सुपारीची शिपटीं (घड), आंबाड्यांचे घोस, पाय ठेवायला जागा नसते. म्हणून तेवढे दिवस तिथे नो पार्किंग करतात, त्याला माझी काहीच हरकत नाही, मी गपगुमान गाडी सासऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवतो.

भानगड नंतरची. बाजार उठला, गणपती गेले, पण तो लोखंडी स्टँडवाला बोर्ड विजेच्या खांबाला टेकून तसाच, आणि मी नेहमीसारखी आमच्याच कुंपणाला लागून गाडी लावली तर मोबाईलवर मेसेज, चलन, रुपये 500. लिंक उघडली तर फोटोत माझी गाडी, मागे आमची तुळस आणि दोरीवर वाळत घातलेली माझीच लुंगी!

शेजारचे काका म्हणाले, "भर रे बाबा आणि मोकळा हो, कोण त्यांच्या मागे लागणार." पण हिशोब बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्यांदा 500 पर्यंत आणि पुढच्या वेळी 1500 पर्यंत, गोव्यात हे वाढीव दंड 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत, आणि मी तर रोज तिथेच गाडी लावणार. शिवाय पैसे भरले की कलम 200 प्रमाणे प्रकरण मिटलं असं धरतात, मग भांडायला उरतं काय? म्हणून आधी भरलं नाही.

मग कायदा उघडून बसलो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 115. गाड्यांवर बंदी घालायची तर राजपत्रात अधिसूचना लागते, फक्त बंदी एक महिन्याच्या आतली असेल तर राजपत्र नको, स्थानिक पातळीवर लोकांना कळवलं की झालं. म्हणजे बाजारापुरता काढलेला हुकूम मुदत संपली की संपला, नुसता बोर्ड उभा आहे म्हणून बंदी चालू राहत नाही. आमच्या बोर्डावर तारखांचा कागद चिकटवलेला होता, पावसाने अर्धा सुटून लोंबत होता पण शेवटची तारीख वाचता येत होती, आणि चलनाची तारीख त्याच्या पुढची. मी कागद बोटाने धरून जवळून फोटो काढला, मग बोर्ड, गाडी आणि आमचं फाटक एकत्र दिसेल असा दुसरा. ई-चलनच्या साईटवर तक्रार करायची सोय आहे, तिथे दोन्ही फोटो चढवले आणि चार ओळी लिहिल्या, शिव्या न घालता (हे बायकोने तपासलं).

काहीच हालचाल दिसेना तेव्हा प्रिंट घेऊन ट्रॅफिकच्या ऑफिसात गेलो. टेबलावरच्या माणसाला म्हटलं, "पात्राव, हें पळयात" (साहेब, हे बघा). त्याने चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि पहिला प्रश्न विचारला, "हो बोर्ड अजून थंयच आसा?" (हा बोर्ड अजून तिथेच आहे?) चलनाबद्दल अक्षर नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर जरा तोंड वाकडं केलं पण शिक्का मारून दिली. पोच घ्याच, नाहीतर अर्ज कुठल्या फाईलीत झोपला ते विचारायला पण तोंड राहत नाही.

चलन रद्द झालं. बोर्ड मात्र अजून तिथेच, ट्रॅफिकवाले म्हणतात तो नगरपालिकेचा, नगरपालिका म्हणते ट्रॅफिकचा. आता त्याच्यासाठी वेगळा अर्ज लिहितोय, काकांची पण सही घेतलीय, कारण त्यांच्या जावयाला गेल्या शुक्रवारी तसंच चलन आलं.