खसाच्या पट्ट्यांचा दुसरा पावसाळा: गाळ नेमका कुठं बसतोय

मंडळी, भोरच्या उतारावरच्या खस गवताचं, म्हणजे आपल्या वाळ्याचं, अपडेट बरेच दिवस राहिलं होतं, जुलैचा मोठा पाऊस डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून थांबलो. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, वरच्या अंगाला नांगरलेली तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, आणि उताराच्या तळाला आमचं शेततळं, जे दरवर्षी गाळानं भरत होतं. तो गाळ अडवायला मधल्या उतारावर आडव्या दोन खसाच्या रांगा लावल्यात आणि तळ्याच्या जरा वर मारवेल गवताचा रुंद पट्टा केलाय.

सगळ्यात आधी चांगली बातमी, वरच्या रांगेनं कमाल केलीय!! रांगेच्या वरच्या बाजूला खुणेसाठी लोखंडी सळ्या ठोकून ठेवल्या होत्या, तिथं चार बोटं गाळ चढलाय आणि तो हातात घेतला तर सगळा खरबरीत, वाळू आणि मातीचे बारीक खडे. दुसऱ्या रांगेला त्यापेक्षा बराच कमी आणि पिठूळ. म्हणजे उतारच पाण्यातली माती चाळून वेगवेगळी करून ठेवतोय.

आता गंमत अशी की हा गाळ गवताच्या आत फार नाहीये, गवताच्या समोर आहे. बरेच जण म्हणतात गवत पाणी गाळतं, पण भर पावसात छत्री घेऊन तिथं उभं राहिलं की दिसतं, ताठ काड्यांच्या दाटीमुळं पाणी अडतं, मागं तुंबतं, त्याचा वेग मरतो आणि त्या तुंबलेल्या पाण्यात जड कण खाली बसतात. काम ते डबकं करतं, गवत फक्त डबकं धरून ठेवतं. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात खऱ्या गवताऐवजी ताठ नकली काड्या लावून हेच तपासलं होतं, तिथंही गाळाचा उतरता ढीग आधी समोर तयार होऊन मग हळूहळू आत सरकत होता. त्यामुळं माझं मत असं की पट्टा चांगला की वाईट हे गवत किती हिरवंगार आहे त्यावर ठरवू नका, पावसात त्याच्यामागं पाणी किती लांबवर आणि किती सारखं उभं राहतंय ते बघा.

हेच बरण्यांनी पण तपासलं. एकाच वेळी वरच्या रांगेच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी दोन बरण्यांत भरून ओट्यावर ठेवलं, अलीकडच्या बरणीत बघता बघता तळाला वाळूचा थर, पलीकडच्या बरणीत वाळू जवळपास नाहीच, पण पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा चहासारखं. हिशोब केला की कळतं का ते. १० सेंटिमीटर खोल शांत पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण साधारण ११ सेकंदांत तळाला जातो, ०.०१ मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला १८-१९ मिनिटं लागतात आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला सात-आठ तास. कण दहापट बारीक झाला की वेळ शंभरपट वाढतो. आमच्या रांगेमागं पाणी टिकतं काही मिनिटं, म्हणजे वाळू पकडली जाणार, पोयटा अर्धामुर्धा आणि चिकणमाती सरळ पुढं जाणार. काळ्या जमिनीवाल्यांनी हे नीट लक्षात घ्या, तुमच्याकडं चिकणमाती जास्त, नुसत्या एका रांगेवर तळ्यातलं पाणी नितळ होईल अशी आशा धरू नका.

मग चिकणमातीचं काय? ती अडवायचा एकच मार्ग मला पटलाय, पाणीच जमिनीत मुरवायचं, पाणी मुरलं की त्यातली माती पण तिथंच राहते. म्हणून तळ्याच्या वर मारवेलचा पट्टा मुद्दाम रुंद ठेवला. जूनच्या पहिल्या सरींना त्यानं जवळपास सगळं पाणी पिऊन टाकलं, खाली ओघळसुद्धा आला नाही. जुलैत जमीन पूर्ण भरल्यावर मात्र मुरणं थंडावलं आणि गढूळ पाणी वरून वाहत गेलं. आणि मारवेल मऊ, जोराच्या पाण्यात आडवं पडतं, खस तसंच ताठ उभं. म्हणून जोर तोडायला वर खस आणि मुरवायला खाली मारवेल ही जोडी बरोबर बसलीय, शिवाय मारवेलचा चारा शेजारच्या तात्यांच्या म्हशींना जातो. तात्या आधी म्हणत होते "गवतानं काय होतंय, ताल घाला" (ताल म्हणजे मातीचा आडवा बांध), आता ते स्वतःच्या बांधासाठी ठोंब मागतायत, मला फार भारी वाटलं.

लागवडीबद्दल खूप जण विचारतात. एका ठिकाणी दोन-तीन फुटवे, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर, त्याहून लांब लावलं तर रांग दाटायला उगाच वर्ष जास्त जातं. ओळ डोळ्यांच्या अंदाजानं आखू नका, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या, कारण रांग कुठं जरी खाली उतरली तर सगळं पाणी तिथं गोळा होतं आणि तिथूनच फोडून जातं. एक मेलेला ठोंब म्हणजे एक दार उघडं. आमच्याकडं एका जागी वरून ओघळच येतो, तिथं रांगेच्या आधी दगडांची बुटकी ओळ आडवी टाकली, पाणी पसरून यायला लागलं तेव्हा तिथला गवताचा भाग कामाला लागला.

हे काही नवं नाही हेही सांगितलं पाहिजे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी भारतात खसाचा मोठा प्रचार केला, ग्रीनफिल्ड त्याआधी फिजीत उसाच्या उतारांवर ते वापरून आले होते, पण कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून बांधाला खस लावत होते. दक्षिणेकडचा प्रकार घ्या, त्याचं बी रुजत नाही त्यामुळं शेतात पसरत नाही. आणि वाळ्याच्या वासासाठी मुळं खणायचा मोह होतो, तो रांगेत अजिबात करू नका, हवीच असतील तर वेगळ्या वाफ्यात लावा.

पुढचं काम: मेलेल्या जागा पाऊस आहे तोवरच भरून घेतोय, ठोंब घरच्याच वाफ्यातले. तळ्याच्या तोंडाशी एक गाळखड्डा खणायचाय, जुलैतली चिकणमाती थोडी तरी तिथं थांबेल. आणि मे अखेर खस गुडघ्याच्या जरा खाली कापणार, म्हणजे पहिल्या पावसाआधी फुटवे दाटतील, कापलेलं सगळं आंब्याच्या आळ्यात आच्छादनाला. काळ्या जमिनीत कोणी अशा बरण्या भरून बघितल्या असतील तर किती वेळात पाणी निवळलं ते नक्की सांगा, मला तुलना करायचीय.