फ्लॅट केवढा हे सोडा, कुत्र्याला खाली नेणार कोण ते बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत कुणाच्या डोक्यात कुत्र्याचं आलं की आधी स्क्वेअर फूट सांगतात. वन बीएचके आहे हो, मग छोटाच घेऊ ना? अरे त्याला तुमच्या हॉलशी काय देणंघेणं, मोठा कुत्रासुद्धा अर्धा दिवस झोपूनच काढतो, त्याला हवं असतं सकाळ-संध्याकाळ खाली नेणारं माणूस, आणि तुम्ही दोघंही सकाळची फास्ट लोकल पकडून रात्री नऊला उगवणार असाल तर छोटा काय नि मोठा काय.

बीगलचंच बघा. साईज फ्लॅटला परफेक्ट, चेहरा असला गरीब की कुणीही फसेल. पण ही जात मुळात कळपाने सशामागे धावायला तयार केलेली, लांबच्या शिकाऱ्याला ऐकू जावं असा आवाज, तो एकटा राहिला की गळा काढतो आणि मग सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा उद्धार सुरू. लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर, शांत असतो म्हणतात, असतो, पण मोठा झाल्यावर! पहिली दोनेक वर्षं चपला, सोफा सगळं चावणार. शिवाय खादाड, फिरवला नाही तर ड्रम होतो आणि सांधे दुखायला लागतात.

हस्की, तो बर्फातला झुपकेदार कुत्रा, मात्र प्लीज नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो तेव्हा कुठे अंग थंड होतं, आणि आपल्याकडे हवाच एवढी दमट की ते पाणी उडायचं कसं? वर दुहेरी केसांचा कोट. चोवीस तास एसी लावीन म्हणतात, बिल आलं की कळतं. हच मोबाईलच्या त्या जाहिरातीनंतर सगळ्यांना पग हवा होता, त्याचं नाक चपटं, त्यामुळे त्याला धापाही नीट टाकता येत नाहीत, मे महिन्यात घोरणं ऐकून आपलाच जीव घाबरतो.

मला विचाराल तर इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, आणि पिल्लू नको, मोठा झालेलाच. आखूड केस, इथल्याच हवेतला, आणि स्वभाव काय आहे तो घेतानाच दिसतो. हां, लिफ्टचं दार वाजलं की भुंकणार, राखणदारी त्याच्या रक्तातच आहे, ते शिकवावं लागतं. पिल्लाचं म्हणाल तर लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेता येत नाही, म्हणजे दिवसभर पोछा घेऊन मागे मागे.

पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा आजार) लस चुकवू नका, उंदरांचं मूत मिसळलेलं साचलेलं पाणी आपल्याकडे गल्लोगल्ली. गोचिड्या तर बारा महिने.

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्टलाही नाही, सरकारच्या अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाईडलाईन्समध्ये स्पष्ट आहे, सेक्रेटरीला प्रिंट काढून द्या. पण मग शी तुम्हीच उचला, नाहीतर बोलायला तोंड उरत नाही.

आणि विकतच घ्यायचा असेल तर, कुत्र्यांच्या विक्रीसाठीच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तरी '४५ दिवसांचं, टॉप क्वालिटी' म्हणून फोटो फिरतातच. असा फोटो आला की एवढंच लिहायचं, पिल्लाची आई बघायला कधी येऊ? बरेच विकणारे तिथेच गायब होतात.